बाबांच्या नावाचं पान

आसनगावला उतरून शहापूरच्या रिक्षात बसले तेव्हा ऊन अजून कोवळं होतं आणि मला हे काम दुपारपर्यंत उरकून घरी परतायचं होतं. 'उरकायचं' हाच शब्द माझ्या मनात होता. आदल्या दिवशी आई म्हणाली होती, "उद्या सर्वपित्री आहे गं. असल्या दिवशी कोणी कोणाच्या दारात जात नाही. घट बसले की जा." मी म्हणाले, "मला रजा उद्याचीच मिळाली आहे." ते खरं होतं, पण अर्धंच. हे काम आणखी काही दिवस डोक्यावर घेऊन फिरायची माझी तयारी नव्हती, एवढं मी गाळलं.

काम आभार मानायचं होतं. माझे बाबा एका एजन्सीतर्फे गावोगावच्या दुकानांना वह्या-पेनं पुरवत. आषाढात शहापूरजवळ हायवेवर कुठल्याशा गाडीने त्यांच्या मोटरसायकलला उडवलं आणि ती गाडी न थांबता निघून गेली. रस्त्यालगतच्या शेतात भातलावणी चालू होती. तिथल्या लोकांनी बाबांना उचलून टेम्पोत घातलं आणि इस्पितळात पोचवलं. बाबा वाचले. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तेव्हापासून ते आमच्या डोंबिवलीच्या घरात खिडकीजवळच्या पलंगावर आहेत. बोलण्याइतकी ताकद आल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता: "त्या बाईला भेटून ये. मला जाता येत नाही, तू जा." ती बाई कोण, ते त्यांना माहीत नव्हतं. हिरवं गोंदण असलेला एक हात आपल्या तोंडात पाणी घालत होता, एवढंच त्यांना आठवत होतं.

मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही. इंग्रजी शाळेत आम्ही उठताबसता थँक्यू म्हणायचो. ते म्हणताना समोरच्याकडे बघावंही लागत नसे. पण कोणाच्या तरी अंगणात उभं राहून 'आम्ही तुमचे आभारी आहोत' म्हणायचं, या कल्पनेनेच माझे कान तापत होते. त्याहून अडचणीची गोष्ट ही की माझ्या मनात आभार नव्हतेच. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, "जीव वाचला हेच नशीब समजा." मी मान डोलवायची. मग ते लोक चहा पिऊन जायचे आणि आई पुन्हा बाबांची चादर बदलायला उठायची.

शहापूरच्या बाजारात मी पेढे घ्यायला थांबले. दुकानदार फरसाणाच्या पिशव्या बांधत होता.

"पेढे? आज?" त्याने मान वर केली. "पितरांत पेढे कोन नेतं ताई? पास-बीस झालात काय?"

बाकावर चहा पीत बसलेला माणूस म्हणाला, "दे रे तू. गिऱ्हाइकाला पंचांग कशाला सांगतोस?"

दोघंही हसले. मी दोन खोकी घेतली आणि न हसता निघाले. मला वाटलं होतं, पंचांग माझ्यासाठी नाही.

टेम्पोवाल्या शेतकरी दादांचा नंबर इस्पितळातून मिळालेला होता. हायवेपासून थोडं आत, भाताच्या खाचरांना लागूनच त्यांचं घर. भात आता पोटरीला आला होता (कणीस बाहेर पडायच्या बेतात होतं) आणि सगळीकडे ओला, दुधट वास होता. वहिनी चुलीपुढे बसून वडे तळत होत्या. मी पाठ केलेलं वाक्य म्हणायला लागले तर दादांनी ते मध्येच तोडलं.

"आमचं काय त्यात? टेम्पो आमचा, एवढंच. आमी पळत बांदावर येस्तवर तिनं पदर फाडून पाय बांधलेला. पानी पाजीत व्हती. बुधी नाव तिचं. मुरबाडकडची. सिद्धगडाच्या पायथ्याला वाडी हाय त्यांची. दर साली लावणीला येतात आमच्याकडं."

"त्यांचा फोन?"

"फोन कुठला गो!" वहिनी म्हणाल्या. झारा कढईवर तसाच धरून त्या थांबल्या. "अवो, जगले ते बुधीला सांगितलंत काय तुमी?"

"मी? मी तर इस्पितळातून आलो तवर लावणी आटपलेली. दुसऱ्या सकाळी सगळी गेली वाडीवर."

"म्हंजे तिला ठावच नाय?"

"मला वाटलं तू बोललीस."

वहिनींनी माझ्या हातावर दोन गरम वडे ठेवले आणि म्हणाल्या, "राहूनच गेलं बघ."

रस्त्यावर आले. उजवीकडे आसनगावची रिक्षा उभी होती, डावीकडे मुरबाडची जीप भरत होती. मला वाटलं, निम्मं काम तर झालं: टेम्पोवाल्यांना भेटले, पेढ्यांचं एक खोकं दिलं. बाईचं काय, ती लांब राहते. तेवढ्यात आईचा फोन आला; बोलत होते बाबा.

"भेटली का गं?"

"नाही बाबा. ती मुरबाडच्या पुढे राहते. डोंगराजवळ."

"लांब आहे. परत ये तू. ऊन होईल."

त्यांनी हट्ट धरला असता तर मी बहुधा परत गेले असते. मी जीपमध्ये बसले.

किन्हवलीपर्यंत दोन्ही बाजूंना हिरवं, त्यात मधूनच सागाच्या झाडांवर पांढरे तुरे. जीपमध्ये माझ्या शेजारी एक मावशी मांडीवर अळूची जुडी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

"कोनाच्या घरची गो तू?"

"डोंबिवलीची."

"डोंबिवली काय घर हाय?" त्या म्हणाल्या आणि सगळी जीप हसली. सरळगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

मुरबाडच्या स्टँडवर भजी खाल्ली आणि सिद्धगडाच्या पायथ्याकडे जाणारी एसटी पकडली. इथे एक फजिती झाली, ती लिहायलाच हवी. कंडक्टरने "वाडीचा फाटा" असं ओरडून सांगितलं. मी उठले, दारापर्यंत आले, पण पुढच्या बायका आपल्या टोपल्या आवरत होत्या आणि 'मला उतरायचंय' असं ओरडून म्हणायला मला जमलं नाही. घंटी वाजली, गाडी सुटली. पुढच्या थांब्यावर उतरून मी तेवढा रस्ता उलट चालत आले. पण त्यामुळे सिद्धगड नीट पाहायला मिळाला. एरवी फोटोंत तो एकटाच उभा दिसतो. इथून तो मागच्या सह्याद्रीच्या भिंतीपासून पाऊलभर पुढे येऊन, खालच्या वस्तीवर वाकून बघत असल्यासारखा वाटत होता. माथ्यावर ढग, कड्यांवर आटत चाललेल्या पाण्याच्या बारीक रेघा. पायवाटेच्या दोन्ही अंगांना सोनकी फुललेली. एका ओढ्याच्या उतारावर मी पाय घसरून बसले. पेढ्यांचं खोकं वर धरलं म्हणून वाचलं, सलवार मात्र गुडघ्यापर्यंत चिखलाची झाली.

वाडीतलं सगळ्यात शेवटचं घर बुधीचं. कुडाच्या भिंती शेणाने नव्या सारवलेल्या, वर कौलं. अंगणात तीन बायका होत्या. चुलीशी एक म्हातारी, उंबऱ्यावर एक हसऱ्या तोंडाची शेजारीण, आणि ओट्यावर पानं पुसत बसलेली, कपाळावर आणि हातांवर हिरवं गोंदण असलेली, पस्तिशीच्या आतबाहेरची बुधी. तिचा हात ओळखायला मला वेळ लागला नाही.

"सर्वेवाली काय गो?" शेजारणीने विचारलं.

मी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी हो धरलं आणि मी तसंच राहू दिलं. पाठ केलेलं वाक्य घशापर्यंत आलं होतं. पण 'सर्वेवाली' होणं जास्त सोपं होतं. सर्वेवालीला कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

"मंग बस तिकडं सावलीला," बुधी म्हणाली. "आज पितरं हायत. पान ठेवून झालं की बोलू. पानी पी."

तिने तांब्या दिला. त्याच हाताने. मी प्यायले.

ओट्यावर सागाची तीन पानं मांडलेली होती. बुधीने पहिल्या पानावर भात, भोपळ्याची भाजी, अळू, काकडीची फोड आणि गुळाची खीर वाढली. मग तसंच सगळं दुसऱ्या पानावर. खिरीचं पातेलं लहानसंच होतं. ती दोन्ही पानांवर वाढताना म्हातारी आत किती उरली ते वाकून पाहत होती. तिसरं पान धुतलेलं, पण रिकामं होतं.

बुधीने दोन्ही पानं कौलांच्या कडेला ठेवली आणि हाक घातली, "काव, काव, काव."

"पयलं हिच्या सासऱ्याचं," शेजारीण मला समजावू लागली. शहरातल्या बाईला आपल्याकडचं दाखवताना येतो तसा उत्साह तिला आला होता. "आनि दुसरं हिच्या हायवेवाल्या पितराचं!"

"हस, हस तू," बुधी म्हणाली.

"हसू नको तर काय? गो ताई, ही शहापूरला लावणीला गेली व्हती. तिथं एका बाबाला गाडीनं उडीवला. हिनं त्याला पानी पाजलं. टेम्पोत घालताना त्यानं मान टाकली. आता नाव ठाव नाय, जात ठाव नाय, गाव ठाव नाय, आनि ही बया त्याला पितरांत जेवाया घालते. घरात भाताची बोंब!"

"माज्या हातचं शेवटचं पानी पिऊन गेला त्यो," बुधी म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, जणू सर्वेवालीनेच काय तो निवाडा करायचा होता. "त्याच्या घरी कुनाला कळलंच नसंल तर? मंग त्याला कोन घालनार? आनि त्यानं मला हात जोडले व्हते. पडल्या पडल्या. मला कवा कुनी हात जोडलेत?"

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. ही गोष्ट लिहिताना मी ती जागा पुन्हा पुन्हा शोधते आणि दर वेळी ती इथेच सापडते. माझे बाबा त्या वेळी डोंबिवलीत रेडिओ ऐकत पडले असणार. इथे त्यांच्या नावाने भात निवत होता. आणि मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले होते.

लाज वाटत होती, हे खरं. सांगितलं की या सगळ्यांची फजिती होईल, असंही मी स्वतःला सांगितलं. पण त्याखाली आणखी एक होतं. ते पान पाहून मला धक्का बसला नव्हता. इस्पितळातल्या त्या दिवसांत, आणि नंतर घरीही, बाबा कण्हत असताना मी एकदा नाही, बऱ्याचदा, त्यांच्याशिवायचं घर मनात मांडून पाहिलं होतं. शांत, चादरी न बदलाव्या लागणारं. ज्या माणसाला मी मनातल्या मनात पोचवून आले होते त्याचं पान या बाईने मांडलं होतं, आणि त्याच्यावर ती आपल्या घरातली खीर वाढत होती.

कावळा आला. पहिल्या पानावरचा भात त्याने टोचला, काकडीची फोड उचलली. दुसऱ्या पानाकडे मान वाकडी करून पाहिलं आणि उडाला. पुन्हा आला, पुन्हा पहिल्याच पानावर.

"नाय शिवत," म्हातारी म्हणाली. "जीव अडकलाय त्याचा कशात तरी."

बुधी पुढे झाली. तिने कौलाखाली उभं राहून हात जोडले. "बाबा, तुज्या घरी सांगीन रे. त्या शेतवाल्यांना विचारून जाईन तुजं घर हुडकत. खाडा पडला तर पडू दे. पन घे रे आता."

कावळा आला नाही.

म्हातारी उठली. तिने भाताचा वाडगा घेतला आणि तिसऱ्या पानाजवळ जाऊन बसली.

"आई, नाय," बुधी म्हणाली.

"का नाय? त्या परक्याला वाढतेस आनि माज्या पोराला उपाशी ठेवतेस?"

शेजारीण आता हसत नव्हती. माझ्या कानाशी हळू आवाजात म्हणाली, "हिचा नवरा. दिवाळीनंतर भट्टीवर गेला विटांच्या. शिमग्यापासनं काय निरोप नाय. भट्टीवालं बोलतात, गेला इथनं."

"त्याला मी मेलेला पायला नाय," बुधी म्हणत होती.

"त्या बाबाला तरी कुठं पायलास? टेम्पो गेला, तू मागं राहिलीस. त्यानं मान टाकली, तू मेला बोललीस. त्याला पान ठेवतेस ना? मंग माज्याला का नाय? त्याचा काय आत्मा नाय? त्याला भूक नाय?"

बुधी एकदा कौलावरच्या पानाकडे आणि एकदा सासूच्या हातातल्या वाडग्याकडे बघत राहिली. म्हातारी रडत नव्हती. शिमग्यापासून साठवलेलं बोलणं एकदाचं बोलून टाकल्यावर माणूस जसं दिसतं तशी दिसत होती. तिने भाताची मूठ भरली आणि तिसऱ्या पानावर ठेवली.

"ते जिवंत आहेत," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की कोणालाच कळलं नाही. मी उभी राहिले. "ते बाबा. हायवेवरचे. ते जिवंत आहेत. माझे बाबा आहेत ते. मी सर्वेवाली नाही."

चुलीत एक लाकूड फुटल्याचा आवाज झाला. मी पिशवीतून फोन काढला आणि बाबांचा पलंगावरचा फोटो पुढे धरला. बुधीने फोन दोन्ही हातांनी घेतला, सावलीत नेऊन पाहिला.

"दाढी नव्हती तवा," ती म्हणाली. मग, "हां. ह्योच. गालाला खळी हाय."

शेजारणीला पहिल्यांदा हसू फुटलं. हसता हसता ती उंबऱ्यावर बसलीच. म्हातारीने कौलाकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "म्हनून शिवत नव्हता गो त्यो! कावळ्याला कळलं. आमाला नाय कळलं!"

बुधी हसली नाही. तिचं बोट फोटोवर चादरीपाशी थांबलं होतं. चादर जिथे सपाट होते तिथे.

"पाय?"

"एक काढला."

"मी बांधलेला त्योच?"

"हो."

तिने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. "लई घट्ट बांधला काय मी?"

पाठ केलेल्या वाक्यात याचं उत्तर नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "पाय गाडीखालीच गेला होता. डॉक्टर म्हणाले, ज्याने कोणी बांधला त्याच्यामुळे हे इथवर आले. नाहीतर रस्त्यातच गेले असते." डॉक्टरांनी हे खरंच सांगितलं होतं. मीच ते घरी कोणाला पुन्हा सांगितलं नव्हतं. मला त्या वेळी ते 'नशीब समजा'सारखंच वाटलं होतं.

बुधीने मान हलवली आणि फोन परत दिला.

मागे म्हातारी तिसऱ्या पानावरचा भात ओंजळीने उचलून परत वाडग्यात घालत होती. एक शीतही तिने मागे ठेवलं नाही. पान पाण्याने विसळून, झटकून तिने कुडाच्या फटीत खोचलं. "राहू दे यंदा," ती कोणाला तरी म्हणाली, बहुतेक स्वतःलाच. "बघू पुढल्या साली." बुधी पाठ फिरवून चुलीकडे गेली आणि बराच वेळ नुसती निखारे मागेपुढे सारत बसली.

पेढ्यांचं खोकं शेजारणीने आपणहून उघडलं. "पोरीला बाप झाला गो आज!" असं ओरडत ती चार घरं पेढे वाटून आली. लोक जमले, मला पाहून गेले. एका म्हाताऱ्याने गंभीरपणे विचारलं, की जित्या माणसाला ठेवलेल्या पानाचं आता काय करायचं. बरीच चर्चा होऊन ते गाईपुढे ठेवायचं ठरलं. आईने त्या बाईसाठी म्हणून पिशवीत घातलेली साडी मी पुढे केली, ती बुधीने उघडली नाही. "कोरं आज घेत नाय. ठिव तिकडं, उद्या बघीन," म्हणाली. मग मला जेवायला वाढलं. भोपळ्याची भाजी तिखट होती, आणि मला खूप भूक लागली होती. त्या घरातला भात पुरवून खायचा आहे हे कळत असूनही मी दुसऱ्यांदा घेतला. नको म्हणण्याची हिंमत पुन्हा नव्हती.

निघताना तिने माझा डबा मागून घेतला, त्यात भात आणि वर खीर भरली. "हे कावळ्याचं नव्हं हां. टोपातलं हाय. त्याच्या वाटणीचं म्हनून शिजवलेलं, त्यालाच जाऊ दे."

फाट्यापर्यंत ती सोबत आली. ओढ्याशी तिने माझं मनगट धरलं आणि उतार पार होईपर्यंत सोडलं नाही. बाबा दोन महिने ज्या हाताबद्दल सांगत होते तो फार खरखरीत होता. एसटीची वाट बघत आम्ही दगडावर बसलो. मला वाटलं, आता म्हणावं. तर तीच बोलली.

"मी का ठेवलं पान, सांगू? मी बोलली, आमचा घरवालाबी कुठं तरी पडला असंल. कुनी तरी पानी घातलं असंल. मी ह्या बाबाला ठेवलं, तर ती लोकंबी त्याला ठेवतील. उपाशी नाय राहनार." तिने रस्त्याकडे पाहिलं. "आता वाटतं, ती लोकं पान ठेवीत असतील, आनि कावळा शिवत नसंल."

माझे बाबा जगले, याने तिच्या नवऱ्याबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. हे मला माहीत होतं आणि कदाचित तिलाही. पण ती मघापेक्षा ताठ बसली होती, आणि तो ताठपणा तिला माझ्यामुळे आला होता. आभार मानायला आलेली मी, तिला एक आशा देऊन निघाले होते, जी खरी ठरेल की नाही याची जबाबदारी माझ्याने घेववत नव्हती.

एसटी दिसली तशी ती उठली. "एक कर. दर साली पितरांच्या आदी निरोप धाड. त्या शेतवाल्यांकडं धाडलास तरी चालंल. म्हंजे बाबाला पान ठेवायचं का नाय, ते कळंल."

मी हो म्हणाले. गाडी थांबली, मी चढले. आभार राहूनच गेले.

मुरबाडहून कल्याणची जीप मिळाली. मांडीवर डबा होता. कोमट होता तो थंड होत गेला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मी आईला आणि बाबांना सगळं सांगितलं. मनात घर मांडून पाहिल्याचं सोडून सगळं. आईचा चेहरा आधी पांढरा पडला. श्राद्धाचं अन्न, तेही ज्याच्या नावाने शिजवलं त्यानेच खायचं! ती देवघराकडे बघत राहिली. मग उठून ताट आणि वाटी घेऊन आली, आणि स्वतःच वाढलं.

बाबांनी खीर बोटाने पुसून खाल्ली. पाय गेल्यापासून ते दोन घासांनंतर ताट सरकवत. आज वाटी कोरडी झाली. मग ते बराच वेळ छताकडे बघत होते. मला वाटलं रडतील. पण ते हिशेबी माणूस, दुकानदारांत आयुष्य गेलेलं. त्यांचं डोकं चालू होतं.

"भट्ट्या म्हणजे भिवंडी, पडघा, शहापूर," ते म्हणाले. "तिथे प्रत्येक भट्टीच्या तोंडाशी किराणा दुकान असतं. मजूर उधारीवर घेतात, दुकानदार प्रत्येकाला ओळखतो. त्यातले निम्मे माझे ओळखीचे. पलंगावरून फोन तर करता येतो." अपघातानंतर पहिल्यांदाच त्यांनी स्वतः हात लांबवून आपला फोन घेतला आणि चष्मा चढवला. "सांग. नाव काय तिच्या नवऱ्याचं?"

मी त्या अंगणात किती तरी वेळ बसले होते. त्याच्या बायकोच्या हातचं जेवले होते, त्याच्या आईने त्याचं पान विसळताना पाहिलं होतं. सगळा वेळ मी माझ्याच लाजेकडे बघत होते. ती कोणाची वाट बघते आहे, त्याला काय नावाने हाक मारतात, हे मला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"मी विचारलं नाही, बाबा."

चष्मा काढून त्यांनी फोन पलंगाच्या कडेला, हात पोचेल असा ठेवला.

रविवारी मी पुन्हा जाते आहे. नाव विचारायला.